लावायचं राहिलेलं स्वयंपाकघर

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलच्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि सगळ्यात आधी किचन दाखवलं. दाखवण्यासारखं फार नव्हतंच. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या कपाटांना बोटं लागतील एवढी रुंदी, काचेचा इलेक्ट्रिक हॉब म्हणजे शेगडी, सिंकसमोर खिडकी आणि खिडकीतून दिसणारं पार्किंग. पण त्याआधी तीन वर्षं मी शेअरिंगच्या घरात काढली होती, आणि तिथे फ्रिजमधला एक कप्पा तेवढा माझा होता. स्वतःचं असं किचन मला पहिल्यांदाच मिळत होतं.

आई म्हणाली, "खिडकी आहे ना, मग झालं. आता ऐक. काही घेऊ नकोस. मे महिन्यात आम्ही येतोच आहोत, मी आल्यावर लावून देते. तू एकटी गेलीस की भलतंसलतं उचलून आणशील."

तिचं चुकत नव्हतं. मला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं, आणि येत नव्हतं ते तिच्यामुळेच. चिंचवडच्या घरात मी ओट्याजवळ गेले की ती म्हणायची, "तू अभ्यास कर." नोकरी लागल्यावर म्हणायला लागली, "दमून आलीयेस, बस जरा." बाबांनाही ती तिथे फिरकू द्यायची नाही. आम्ही दोघं एकाच हातचं जेवलो, आणि कुकर किती शिट्ट्यांनी बंद करायचा हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून मी थांबले. एक सॉसपॅन, एक फ्राइंग पॅन, किटली, दोन प्लेट्स आणि एक बोथट सुरी, एवढ्यावर मेपर्यंत सहज निघालं असतं.

फेब्रुवारीत आई गेली. सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालताना कोसळली. मी हीथ्रोला पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. पंधरा दिवस मी चिंचवडला राहिले, सुट्टी संपली तशी परत आले. त्यानंतर दुकानात साधा डाव दिसला तरी मी पुढच्या रांगेत निघून जायचे. दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवायचे आणि घरी टोस्ट खायचे. एकट्या माणसाला असं काय लागतं, असं स्वतःला सांगायचे.

आई-बाबा दोघांचा व्हिसा जानेवारीतच आला होता. मावशीने बाबांच्या मागे लागून लागून त्यांची बॅग भरली आणि मे महिन्यात ते एकटेच आले.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. बोलायला कमी, बघायला जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या किचनमधला एकेक ड्रॉवर उघडला आणि बंद केला. मग टी-बॅगचा चहा प्यायले. चांगला झालाय, असंही म्हणाले.

दुपारी मी बटाटे उकडले. सॉसपॅनवर प्लेट दाबून धरून सिंकमध्ये पाणी ओतत होते तेवढ्यात प्लेट सरकली आणि वाफेने मनगट भाजलं. बाबा दोन ढांगांत आले, माझा हात नळाखाली धरला आणि धरूनच राहिले.

"सांडशी नाही घरात?"

"नाही."

"चाळणी?"

"नाही."

"मग आहे काय?"

"काही नाही, बाबा!" माझा आवाज चढला. "आई लावणार होती ना. तिनेच सांगितलं होतं काही घेऊ नकोस म्हणून."

पाणी वाहत होतं. बाबांनी माझ्याकडे न बघता, मनगटाकडे बघत म्हटलं, "हो. ती लावणार होती. ती नाही आली, मी आलोय. मला जमेल तेवढं लावू दे."

मी तेव्हा जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "तुम्हाला काय माहितीये आईच्या किचनमधलं?"

त्यांना राग आला नाही. "करायचं काय ते नाही माहीत," ते म्हणाले. "पण रिपेअर कोण करायचं?"

हात पुसून ते टेबलाशी बसले आणि माझ्या ऑफिसच्या वहीत लिहायला लागले. कुकर: रिंग दर वर्षी, हँडलचे स्क्रू दोनदा, वाल्व एकदा. सांडशी: रिव्हेट ढिला व्हायचा. विळी: दर दोन महिन्यांनी धार. कढईचा कान तुटलेला, ब्रेझिंगने जोडून दिला. किसणी, कढलं, झारा. चाळीस-एक वस्तूंच्या घरात त्यांच्या हातात पुन्हा पुन्हा आलेल्या वस्तू फार तर बारा-तेरा. मिक्सरबरोबर आलेली जास्तीची भांडी, नॉनस्टिकचं आप्पेपात्र, लग्नात आलेला मोठा कॅसरोल यांचं नावही त्या यादीत नव्हतं.

"हे नको?" मी विचारलं.

"ते कधी बिघडलंच नाही. म्हणजे वापरलंच नाही. जे झिजतं ते लागतं."

शनिवारी आम्ही ट्रेनने रेडिंगला गेलो. तिथे एक इंडियन दुकान आहे, पुढे धान्य आणि मागे भांडी. मालक गुजराती, पण तरुणपणी मुंबईत राहिलेले, त्यामुळे मराठी अस्खलित. आमच्या काचेच्या हॉबवर भांड्याचा तळ सपाट बसला नाही तर भांडं धड तापतच नाही. हे बाबांना मी फक्त सांगितलं होतं. त्यांनी खिशातून स्टीलची सहा इंची पट्टी काढली आणि प्रत्येक कुकर उलटा करून तळावर ती पट्टी आडवी-उभी ठेवून, डोळा बारीक करून खालून येणारा उजेड तपासायला सुरुवात केली. पाचव्या कुकरला मालक उठून आले.

"काका, भांडं घ्यायचंय की फॅक्टरी टाकायचीये?"

"तुमचा हा तळ मध्ये अर्धा एमएम वर आहे," बाबा म्हणाले.

मालकांनी पट्टी हातात घेतली, स्वतः बघितलं, आणि आत जाऊन खोक्यातला नवा कुकर आणून दिला. त्याचा तळ सरळ होता. मग सपाट बुडाची कढई, बिडाचा तवा, परात, मिसळणाचा डबा. सगळं त्या पट्टीखालून गेलं असं नाही, पण प्रत्येक वस्तू बाबांनी हातात धरून, जणू वापरत असल्यासारखी फिरवून बघितली. लाटणी मात्र त्यांना एकही पसंत पडेना. "हलकी आहेत," म्हणाले. "तुझ्या आईचं..." आणि थांबले. पुढे त्यांना सांगताच येईना.

परतीच्या ट्रेनमध्ये ते कुकरचं खोकं मांडीवर घेऊन बसले. विनर्श स्टेशन आलं तेव्हा म्हणाले, "लाटणं कधी माझ्याकडे आलंच नाही. त्यात बिघडणार काय? एवढी वर्षं रोज समोर होतं, आणि लांबी विचारशील तर मला सांगता येत नाही."

घरी आल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. पोळ्या मला येत नव्हत्या, पण आईला पोळ्या लाटताना मी जन्मभर बघितलं होतं. डायनिंग टेबलावर अभ्यास करताना माझ्यासमोर बाजूने तिचे कोपर आणि लाटण्यावरचे हात असायचे. मी डोळे मिटले आणि तिच्यासारखे हात धरले. उजवा जरा पुढे, डावा सैल, अंगठे वर. हवेतच दोन-चार वेळा पुढे-मागे केले.

"थांब," बाबा म्हणाले. "तशीच थांब. हलू नकोस."

मी डोळे उघडले तर ते माझ्या दोन तळव्यांमध्ये पट्टी धरून उभे होते. एकदा मोजलं, पट्टी पुढे सरकवून पुन्हा मोजलं. मग माझ्या मुठीतली पोकळी बघितली, त्यात आपलं बोट घालून बघितलं. "टोकाला बारीक होतं," ते हळूच म्हणाले. "मध्ये फुगीर. बरोबर?" मी मान हलवली. त्यांनी वहीत एक चित्र काढलं, दोन्ही बाजूंना मापांचे बाण काढले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

त्याच दुपारी हाय स्ट्रीटवरच्या, जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये आम्हाला चीज ठेवायचा एक गोल लाकडी पाट मिळाला. तो न डुगडुगता बसत होता, म्हणून पोळपाट झाला. तिथेच एक इंग्लिश रोलिंग पिन होती, बीच लाकडाची, मनगटाएवढी जाड. बाबांनी ती वजनासाठी घेतली आणि घरी येऊन सुरीला धार लावून तासायला बसले. मी तोवर पहिल्यांदाच वरणाला फोडणी देत होते. तेल जास्त तापलं, मोहरी उडाली, हिंगाचा धूर झाला आणि पॅसेजमधला स्मोक अलार्म बोंबलायला लागला.

दोन मिनिटांत दारावर थाप. खालच्या फ्लॅटमधले आजोबा, पायात स्लिपर्स, चेहऱ्यावर काळजी. आग नाही हे कळल्यावर त्यांनी आमच्याच झाडूच्या दांड्याने अलार्मचं बटण दाबलं, आणि मग त्यांची नजर बाबांच्या हातातल्या अर्धवट तासलेल्या लाकडाकडे गेली. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

बाबांचं इंग्रजी म्हणजे दुकानात "थँक यू" एवढंच, असं मी धरून चालले होते. बाबांनी वही पुढे केली. "टेपर," ते म्हणाले. "बोथ साइड. सेंटर ट्वेंटी-एट एमएम. एंड एटीन. नो शार्प कॉर्नर."

आजोबांनी चित्र बघितलं, बाबांकडे बघितलं. मग मला म्हणाले की मागच्या गॅरेजमध्ये त्यांचं लाकूड कातायचं लेथ मशीन आहे, यांना उद्या सकाळी दहाला पाठवशील का.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा दोघेही लेथवर वाकलेले होते, आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आजोबा पटाशी धरत होते, बाबा मध्येच मशीन थांबवायला सांगून कॅलिपरने माप घेत होते. एकजण म्हणायचा "स्लो", दुसरा म्हणायचा "फिनिश कट". भुशाने दोघांच्याही भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आई गेल्यापासून बाबांना कुणावर तरी हक्काने डाफरताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी चहा तिथेच ठेवला आणि परत आले.

लाटणं झालं. ते आईच्या लाटण्यासारखं झालं का, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. पोळ्या शिकायला मला तीन आठवडे लागले, बाबांना पाच. ते कणीक मस्त मळायचे, पण लाटताना एवढा दाब द्यायचे की पोळी पोळपाटावरून सुटायचीच नाही. मी ऑफिसमधून यायची वेळ झाली की ते कुकर लावून ठेवायचे. आठवड्यातून एकदा आजोबा आणि त्यांची बायको वरण-भात खायला वर यायचे. अलार्म वाजला तर आजीच उठून झाडू आणायच्या.

ऑक्टोबरात थंडी वाढायला लागली तसे बाबा परत जायचं म्हणू लागले. मी पुष्कळ अडवलं. "मी तिथे एकटा काय खाईन, याची काळजी करतेस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "मलाही तीच होती," ते म्हणाले. "म्हणून तर शिकलो."

ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोन आईच्या डब्यांच्या फळीवर टेकवलेला, मागे तिचा ओटा, आणि ओट्यासमोर बनियनवर बाबा. एवढ्या वर्षांत त्या जागी मी त्यांना कधी उभं बघितलं नव्हतं.

"पिठलं करतोय," ते म्हणाले. "एक वाटी बेसनाला पाणी किती?"

"तीन वाट्या. आधी पाणी उकळू द्या, मग पीठ. आणि सतत ढवळा, बाबा."

"आधी पाणी?" त्यांनी मागे वळून बघितलं. "थांब, फोन ठेवतो. पीठ खाली लागतंय."