चेहरा मोजणारी मावशी

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे आणि तो पाहिला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याची शिलाईसुद्धा त्यात दिसते. शेजारी आजी. डोक्याला पांढरा रुमाल आणि त्याच्याखाली, चेहऱ्याच्या जागी, नुसता काळा डाग. आजी रंगाने काळीभोर होती, मान्य. म्हणून काय तिला नाकडोळे नव्हते? मावशी तीन वर्षांची असताना आजी गेली. आपली आई कशी दिसायची हे मावशीला ठाऊकच नाही.

मोठेपणी ती फोटोग्राफर झाली, यात नवल काय! स्टुडिओ छोटा, राग कायम नाकावर, आणि अजूनही फोटो फिल्मवरच काढते.

आजीचा रंग माझ्या आईने उचलला. आई रुग्णालयात नर्स. तिथल्या लांब व्हरांड्यात दरवर्षीचे ग्रुप फोटो टांगलेत. पांढरे गणवेश, पांढरी भिंत. कॅमेरा सगळ्या उजेडाची सरासरी काढणार, त्या पांढऱ्याला भुलणार आणि आईचा चेहरा काळोखात घालवणार. सगळं आयुष्य त्या इमारतीत काढलं आणि भिंतीवर तिला ओळखायचं कशावरून, तर तिरक्या टोपीवरून! मी चिडले की ती म्हणायची, "जाऊ दे गं."

आईची निवृत्ती जवळ आली तेव्हा मावशीने जाहीर केलं, "ताई, तुझा शेवटचा ग्रुप फोटो मी काढणार." आणि मला घेऊन ती जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली.

दुकानदाराने उजेड मोजायचा एक साधा मीटर पुढे केला. "हा घ्या बाई, सोपा आहे. समोर धरला की सगळ्याचा मिळून उजेड सांगतो."

"सगळ्याचा मिळून नको. मला एकाच माणसाचा हवाय."

मग त्याने दोन स्पॉट मीटर काढले. पिस्तुलासारखा हातात धरायचा, डोळ्याला लावायचा. आत एक बारीकसं वर्तुळ दिसतं आणि त्यात मावेल तेवढ्याचाच उजेड तो मोजतो. मावशीने बॅटरीचं झाकण उघडून गंज पाहिला. एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा मोजून आकडा तोच येतो का ते पाहिलं. मग खिडकीशेजारी टांगलेल्या काळ्या कोटावर नेम धरला. पहिल्या मीटरचा आकडा टुणकन वर उडाला. "याच्या भिंगावर धुकं आहे. खिडकीचा उजेड कोटावर सांडतोय," म्हणून तिने दुसरा उचलला.

"एवढा खटाटोप कशाला?" दुकानदार म्हणाला. "लॅबवाले हल्ली उजळ करून देतात की."

"उजळ कुणाला करायचीय? ती दिसायला हवी!" मावशी इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरचे दोघे थांबले.

घरी तिने आईला गणवेश घालून खिडकीशी बसवलं, गालावर नेम धरला आणि मीटरने सांगितलं तसाच फोटो काढला. रोल धुऊन आला तर आई राखेसारखी फिकट! "ही कोण बाई, पिठाच्या डब्यात पडलेली?" म्हणून आई पोट धरून हसली. मावशीने आधी मीटरला शिव्या घातल्या, मग डोक्याला हात लावला. मीटर बिचारा समोर काहीही असलं तरी ते मधल्या राखाडी रंगाचं समजून आकडा सांगतो. आईचा गाल त्याहून गडद, म्हणून त्याने सांगितलेल्याच्या निम्माच उजेड द्यायला हवा होता; तोही सरासरी काढून दिलेल्या उजेडापेक्षा जास्तच.

फोटोच्या दिवशी अधीक्षक हसत हसत म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नेहमीसारख्या मागे, कडेला. पांढऱ्यात काळं आलं की फोटो बिघडतो."

हसत! आणि आई निमूट उठलीसुद्धा.

"ताई, बस खाली," मावशी म्हणाली. "साहेब, ती मधोमध बसणार. तुम्हाला कडेला जायचं असेल तर खुशाल जा."

साहेब घड्याळ बघत राहिले. मावशीने सावकाश आईच्या गालावर नेम धरला, आकडा पाहिला, उजेड निम्मा केला आणि फोटो काढला.

प्रिंट आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. साहेबांच्या पांढऱ्या कोटाच्या घड्या जास्तीच्या उजेडात जरा विरल्या होत्या, त्याचं मला काडीचं दुःख झालं नाही. मधोमध आई होती. आपल्याच रंगाची. गालाची हाडं, भुवईवरचा व्रण, ओठ दाबून हसायची सवय, सगळं तिथे होतं. आई प्रिंटवर वाकली.

"अगं," ती म्हणाली, "ही तर आई."

"कुणाची?" मावशीने विचारलं.

"आपली. अगदी अशीच दिसायची. असंच ओठ दाबून हसायची."

मावशीने प्रिंट उचलली आणि खिडकीशी नेली. मला वाटलं, आता रडणार. तिने भिंतीवरचा आजीचा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"एवढाच उजेड हवा होता?" ती कडाडली. "त्या मेल्या फोटोवाल्याला क्षणभर जास्त कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवता आलं नाही?"

मी आईकडे पाहिलं. या वेळी ती जाऊ दे म्हणाली नाही.