चौथा खडा

मंडळी, आमच्या घरात भुतांना प्रवेशच नव्हता. वडील शाळामास्तर, सकाळी बुद्धवंदना, आणि कुणाच्या अंगात आल्याची गोष्ट कोणी काढली की वडील शांतपणे विचारायचे, "ताप मोजला का?" मीही तसाच वाढलो, इंजिनिअर झालो. इथले तुमचे अनुभव मी बायकोला आवाज काढून वाचून दाखवतो... पिंपळाखालची बाई तर मी फारच छान करतो. आज माझीच पाळी आहे. आवाज न काढता सांगायचा प्रयत्न करतो.

२००४ साल. मी आणि सुजाता सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. सुजाताला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांतच सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा प्रयत्न करा. सुजाताने घरी येऊन विणलेली टोपडी पिशवीत भरली आणि मला ती पिशवी कपाटाच्या अगदी वरच्या खणात टाकायला सांगितली, जिथे तिचा हात पोचत नाही. त्याला वर्ष होत आलं होतं. ती ऑफिसला जायची, घरी यायची, आणि मधलं काही बोलायची नाही. तिच्यासाठी नागपूरहून माझ्या सासूबाई येऊन राहिल्या होत्या.

मी त्याच सुमारास लिटिल इंडियातल्या एका चोवीस तास उघड्या दुकानातून डिजिटल कॅमेरा घेतला होता. नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाइतका त्रासदायक प्राणी जगात नाही, हे मान्य. पण तो माझा बहाणाही होता. सुजाताला घराबाहेर काढायचं होतं. एका रविवारी दुपारी मी जाहीर केलं, "चला, चायनीज गार्डनला! मी फोटोग्राफर, तुम्ही दोघी मॉडेल!"

सासूबाई दारातच थांबल्या. "तिघं? तिघांनी नाही निघू, जावईबापू."

तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असेल हे. तिघांनी मिळून निघू नये, निघालंच तर वाटेतला एक खडा उचलून बरोबर घ्यावा, म्हणजे चौघे होतात.

"आई, तू पण ना!" सुजाता म्हणाली. "रोज त्रिशरण म्हणतेस, तिथे तीन चालतात?"

"धर्म बदलला, पण माझ्या मायनं खडा नाही सोडला. मी काहून सोडू?"

सुजाता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी वाद घातला नाही.

आता गंमत बघा. टॅम्पिनीसमध्ये खडा कुठून आणणार? आमच्या ब्लॉकखालची फरशी पुसलेली, रस्ता धुतल्यासारखा, झाडांच्या बुंध्याशीसुद्धा कापून बसवल्यासारखी हिरवळ. सासूबाई एमआरटी स्टेशनपर्यंत मान खाली घालून आल्या, जणू कानातली रिंग पडली आहे. नंतर टॅम्पिनीसपासून बेटाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास त्यांनी मूठ वळून केला. मुठीत काही नव्हतं. मी तोंड फिरवून हसत होतो. तेव्हा मला वाटत होतं, म्हातारीची हौस. ती मूठ कुणासाठी वळली होती हे मला तेव्हा कळलं नाही.

बागेत ऊन मी म्हणत होतं. पांढऱ्या कमानींचा पूल, पलीकडे सात मजली पॅगोडा, तळ्याकाठी एक घोरपड निवांत पसरलेली. मी गुडघे टेकून, पोटावर पडून, लोक थांबून बघतील अशा पोझमध्ये फोटो काढत सुटलो. बोन्साय ठेवले होते तिथे सासूबाईंना अखेर हवं ते सापडलं. एका कुंडीखाली गुळगुळीत गोटे पसरले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहून एक पटकन उचलला. करडा, मधून पांढरी रेघ गेलेला.

"आंटी! नो नीड लाह!"

शेजारच्या बाकावर एक चिनी म्हातारी बसली होती, 'लाह' हे शेपूट तिच्या सिंगापुरी इंग्रजीचं. फुलाफुलांचा ब्लाऊज, कापडी टोपी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं, बागेतली वस्तू चोरली म्हणून आता दंड! मी सॉरी म्हणायला पुढे झालो, पण ती आमच्याकडे बोट करून मोजत होती. सासूबाई— "वन." सुजाता— "टू." मी— "थ्री." आणि मग माझ्या आणि सुजाताच्या मधल्या मोकळ्या जागेत, साधारण कमरेच्या उंचीवर बोट नेऊन, "फोर ऑलरेडी. पुट बॅक."

मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तळ्याकाठी ती घोरपड मात्र होती.

"काय म्हणते जी ती?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणते, तुम्ही चौघं आहातच, खडा ठेवून द्या. घोरपडीला घरात घेतलं बहुतेक तिने."

कोणी हसलं नाही. खड्याचं म्हातारीला कसं कळलं, हा प्रश्न आम्हा तिघांनाही एकदमच पडला असावा. सासूबाई वाकल्या, खडा कुंडीखाली ठेवला, हात झटकले. हे मी स्वतः पाहिलं.

मग म्हातारी आपणहून उठली आणि कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. आम्ही उभे राहिलो. तिने मला बाजूला सरकायला सांगितलं. "अंकल, मूव्ह. सम मोर. गिव्ह स्पेस लाह." मी फ्रेमच्या पार कडेला गेलो तेव्हा कुठे तिने बटण दाबलं. स्क्रीनवर पाहतो तर सासूबाई आणि सुजाता डावीकडे, मी उजव्या कडेला, अर्धा खांदा कापलेला, आणि मधे नुसती मोकळी जागा. मी तिला मनातल्या मनात नापास केलं. ती पुलावरून निघून गेली. गायब वगैरे झाली नाही हं, पिशवी हलवत चांगली चालत गेली. उगाच मीठमसाला लावणार नाही.

काही आठवड्यांनी कळलं, सुजाताला पुन्हा दिवस राहिले होते. डॉक्टरांनी हिशेब सांगितला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या रविवारी ती गरोदर होती... आणि ते तिलाही माहीत नव्हतं.

पुढचे महिने कसे काढले ते लिहीत नाही. ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहेत. सासूबाईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. आमची मुलगी मैत्री जन्मली, रडली, आणि मी स्टूलवर चढून टोपड्यांची ती पिशवी खाली काढली.

म्हातारीचं मी स्वतःला समजावून टाकलं. तिची नजर अधू असेल. तिच्याकडेही खड्याची तसलीच काही रीत असेल. योगायोग.

मैत्री पाचेक वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. ती जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती, मी कॉम्प्युटरवर जुने फोटो बघत होतो, समोर म्हातारीने काढलेला तो बागेतला फोटो होता. तिने मान वर केली. "दॅट वन मी पण होते."

"तू नव्हतीस गं, तू जन्मली नव्हतीस."

"वॉज, व्हॉट!" तिने मधल्या मोकळ्या जागेवर रंगीत खडूचं बोट ठेवलं. "हिअर. आंटी टोल्ड मी डोन्ट मूव्ह."

मला धक्का बसला नाही, खरंच. म्हातारीची गोष्ट मी पाहुण्यांना नकलेसह इतक्यांदा सांगितली होती की पोरीला पाठ झाली असणार. मी तिची फिरकी घ्यायला विचारलं, "बरं? मग आजीने खडा कुठे ठेवला, सांग."

"आजीने नाही ठेवला," ती रंगवत म्हणाली. "शी बेंड ओन्ली. देन पुट इन स्पेक्स बॉक्स."

सुजाता स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही नागपूरला फोन लावला, स्पीकरवर. मी नेहमीच्या चेष्टेच्या सुरात विचारलं, "आई, तो चायनीज गार्डनचा खडा चष्म्याच्या डबीत आहे म्हणे?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग, "कोणी सांगितलं जी तुम्हाला?"

"आई, तू ठेवला होतास ना परत?" सुजाता म्हणाली.

"वाकले. जमिनीला हात लावला. खडा मुठीतच होता." सासूबाई रडू लागल्या. "दोन गेले होते ना, सुजू. कशी ठेवू परत? तुम्हाला सांगायची लाज वाटली... आपल्या घरात असं कोणी करते का? डबी उशाखाली असते, कोणाला हात लावू देत नाही."

पोरीने सुट्टीत कधी डबी उघडून पाहिली असेल, हे मी मान्य करायला तयार आहे. पण आजी नुसती वाकली होती, हे? तिथे उभा राहून मला ते दिसलं नव्हतं.

सासूबाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि मग त्यांनी हळूच विचारलं, "मैत्री, आणून ठेवू का गं माय तो परत?"

मैत्रीने चित्रावरून मान वर केली नाही. "नो नीड लाह, आजी. आंटी सेड कॅन कीप."

आता तिला यातलं काहीही आठवत नाही. विचारलं तर माझ्याकडे अशी बघते की बाबांचं नाटक पुन्हा सुरू झालं. म्हातारी कोण, तिने काय पाहिलं, आणि ठेवायची परवानगी कधी दिली? ताप मोजून झाला आहे, मंडळी.

तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. कॅमेऱ्यातलं कळणारे मित्र येतात आणि हमखास सांगतात, अरे, मधली रिकामी जागा काढून टाक, जवळ आणता येतं हल्ली सगळ्यांना.

मी हो म्हणतो. काढत नाही.