मालतीबाईंनी पाणी बदललं

मालतीबाईंचं माहेर इंदापूरचं. वडील कचेरीत कारकून होते. त्यांनी मुलीला मराठी सहावीपर्यंत शिकू दिलं आणि बारामतीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या रघुनाथ मास्तरांशी तिचं लग्न लावून दिलं. मास्तर हुशार, पण प्रयोगात बुडाले की घड्याळाकडे बघायचं भान त्यांना राहत नसे. त्यामुळे घरात काही प्रयोग चालला की वेळ टिपायचं काम मालतीबाईंकडे आलं. त्यांनी ते कधी वरवरचं केलं नाही. अर्ध्या मिनिटाचा फरकही त्या वहीत लिहून ठेवत.

मास्तरांनी घरीच एक यंत्र बनवलं होतं. काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पातळ पानं टांगलेली. रेशमावर घासलेली काचेची कांडी वरच्या चकतीला लावली की विजेच्या जोराने पानं एकमेकांपासून दूर होत आणि मग हळूहळू मिटत. मिटायला चाळीस मिनिटं लागत. जवळ रेडियमसारखं काही असेल तर पानं लवकर मिटतात, असं मास्तरांनी पुस्तकात वाचलं होतं. बारामतीत रेडियम कुठून येणार? तरी पाच वर्षं ते या ना त्या दगडाचा तुकडा बरणीशेजारी ठेवून बघत होते.

एकोणीसशे पस्तीसच्या थंडीत शेळगावच्या रामहरीने मळ्यात नवी विहीर खोदली. त्याची आई प्रयागबाई ते पाणी पिऊ लागली आणि महिन्याभरात तिचे गुडघे दुखायचे थांबले. रामहरीचे चुलते मोहनराव पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. विलायतेत रेडियमच्या पाण्याने दुखणी बरी होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यांनी तांब्याची कळशी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि सर्व्हिस मोटारीने थेट मास्तरांच्या दारात उतरले.

"मास्तर, ह्यात काय हाय ते बगा. म्हातारी पोरीवानी चालाय लागली."

मास्तरांनी कळशी यंत्राशेजारी ठेवली. मालतीबाई वही घेऊन बसल्या. पानं बावीस मिनिटांत मिटली.

मास्तरांचा चेहरा असा उजळलेला मालतीबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. पुढच्या पंधरवड्यात मोहनराव दोनदा आले. दोन्ही वेळा बावीस-तेवीस मिनिटं. मास्तरांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं, एका वर्तमानपत्रालाही कळवलं. बातमी छापून आली. शेळगावला लोक कळशा घेऊन येऊ लागले. पुण्याचा एक व्यापारी बाटल्या भरून विकायची भाषा करू लागला. त्याला मास्तरांच्या सहीचा दाखला हवा होता.

तेवढ्यात प्राध्यापकांचं उत्तर आलं. त्यांनी शेळगावचं पाणी मागवून तीनदा तपासलं होतं. पानं नेहमीइतक्याच वेळात मिटली. 'जे आपल्याकडे दिसते ते येथे दिसत नाही. पुन्हा पाहावे,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

रामहरीचा गडी गेणबा बाजाराच्या दिवशी भाजीच्या बैलगाडीतून पाणी घेऊन आला. पानं मिटायला चाळीस मिनिटं लागली. पुढच्या बाजारीही चाळीसच.

"गाडीला दिवस लागतो," मास्तर म्हणाले. "पाण्यात विरघळलेला रेडियमचा वायू वाटेत उडून जात असणार. पुण्याला पोचेपर्यंत तर काहीच उरत नसेल."

मालतीबाईंना हे पटलं, आणि नाहीही. दूध नासलं की त्या दुधाला लगेच दोष देत नसत. पातेलं बदलून बघत, मग विरजणाचा हात कुठे लागला का ते बघत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांनी वही उघडून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "अहो, बावीस मिनिटं आली ती सगळी मोहनराव आले त्या दिवशी. गेणबा आला की चाळीस. मग हे पाण्याचं आहे की माणसाचं?"

"माणसाचं कसं असेल?"

"ते मला कुठे ठाऊक? पण या खेपेला आपण पाणी बदलू."

मोहनराव पुन्हा आले तेव्हा मालतीबाईंनी त्यांची कळशी आत नेली, पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवलं आणि त्याच कळशीत घरच्या आडाचं पाणी भरलं. मास्तरांनाही त्यांनी सांगितलं नाही. मास्तरांनी कांडी घासली. पानं बावीस मिनिटांत मिटली.

"बघा!" मास्तर आनंदाने म्हणाले.

"हे आपल्या आडाचं पाणी आहे," मालतीबाई म्हणाल्या.

मास्तर मटकन खाली बसले. मालतीबाईंना त्यांची फार कणव आली, पण हातची वही त्यांनी मिटली नाही.

"मोहनराव, रागावू नका. तुमची एकेक वस्तू बाहेर ओसरीवर ठेवू या का?"

"ठिवा की. पलटणीत आमी झडत्या लई दिल्यात."

आधी कळशी बाहेर गेली. बावीस मिनिटं. मग पिशवी, मग कोट. तरी बावीसच. दुपार कलली. शेवटी राहिलं मोहनरावांचं मनगटी घड्याळ. त्याचे आकडे मोठे म्हणून दर खेपेला ते काढून यंत्रापाशी ठेवायचे आणि त्यावर वेळ बघायचा, अशी सवयच पडली होती. मालतीबाईंनी ते उचलून ओसरीवर नेलं आणि भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. चाळीस मिनिटांनी पानं मिटली.

"लढाईतलं घड्याळ हाय," मोहनराव गोंधळून म्हणाले. "अंधारात काटं दिसत्यात त्याचं."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. असल्या घड्याळाच्या आकड्यांना रेडियमचा रंग देतात, हे ते दर वर्षी वर्गात सांगत आले होते.

संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्राला लिहायला कागद घेतला आणि तसाच बाजूला सारला. "लोक हसतील गं. व्यापारी तर म्हणतोय, पहिल्या तीन वेळचं खरं धरा आणि सही करा."

"हसू देत," मालतीबाई म्हणाल्या. "पण उद्या कोणी औषध सोडून तेच पाणी पीत बसला तर? तुम्ही लिहा. शेळगावला मी येते तुमच्याबरोबर."

मास्तरांनी पत्र लिहिलं. त्यात चूक स्वतःची म्हणून सांगितली आणि ती कोणी शोधली, तेही स्पष्ट लिहिलं. रविवारी दोघं शेळगावला गेले. विहिरीवर पंचवीस-तीस माणसं होती. मास्तरांनी सगळं उभ्याने सांगितलं. रामहरीचं तोंड उतरलं.

"म्हंजी आमचं पाणी खोटं व्हय?"

"खोटं कसं असेल, रामहरी?" मालतीबाई पुढे झाल्या. "गोड पाणी आहे. वांगी बघा कशी लागली आहेत. फक्त त्यात रेडियम नाही."

प्रयागबाई बाजेवरून म्हणाली, "माजं गुडघं मातूर बरं हायती. ते कशानं का हुईना." सगळे हसले, रामहरीसुद्धा. मग त्याने टोपलीभर वांगी मोटारीपर्यंत स्वतः आणून दिली.

व्यापारी पुन्हा फिरकला नाही. शाळेत महिनाभर मास्तरांची चेष्टा झाली. ती विरली असेल नसेल, तोच दौंडहून येणाऱ्या छोट्या आगगाडीने पुण्याचे प्राध्यापक स्वतः आले. बरोबर त्यांचं स्वतःचं यंत्र होतं. मोहनरावांना मुद्दाम बोलावून घेतलं. प्राध्यापकांनी घड्याळ जवळ ठेवून आणि दूर नेऊन, असं चार वेळा मोजलं. मालतीबाई दाराशी उभ्या होत्या. यंत्र परकं, हात परका, मोजणारा परका; तरी घड्याळ जवळ आलं की पानं दर वेळी तितक्याच झपाट्याने मिटत होती. त्यांना वाटलं, आपण एकटीने पाहिलेली गोष्ट आज सगळ्यांची झाली.

"बाई, पाणी बदलायचं तुम्हाला कुणी सुचवलं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"कुणी नाही. शंका आली, म्हणून बदललं."

"आम्हाला ती यायला हवी होती," ते म्हणाले आणि उठून त्यांनी मालतीबाईंना नमस्कार केला. त्या लाजून जेवणाची पानं वाढायला आत गेल्या.

शास्त्राची पुस्तकं वाचता यावीत म्हणून त्या पावसाळ्यात मास्तरांनी बायकोला इंग्रजी मुळाक्षरं शिकवायला घेतली. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या.