अर्ध्या डोक्याची गोळी

माझी अर्धशिशी डाव्या डोळ्यामागून सुरू व्हायची. आधी नजरेपुढे काहीतरी लखलखायचं, मग उजेड सोसवायचा नाही, फोडणीच्या वासानंही उमळून यायचं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि बजावलं, दुखायला लागलं की लगेच अख्खी गोळी घ्यायची. पण त्या गोळ्यांच्या पैशात आमच्या घरात महिन्याचं तेल आलं असतं. म्हणून गोळ्यांची पुडी सासूबाईंनी स्वतःच्या ताब्यात ठेवली.

एकदा शेतातलं निंदण अर्धवट टाकून मी घरी आले, ती ओकाऱ्या काढतच. सासूबाईंपुढे हात पसरला. त्यांनी पुडीतून एक गोळी काढली, सुपारीच्या अडकित्त्यात धरली आणि कापली.

"आत्याबाई, अख्खी द्या ना. डॉक्टरनं अख्खी सांगतली," मी म्हटलं.

"अर्धंच डोकं दुखते ना तुह्यं? मंग अख्खी गोयी कायले?"

चिडून नाही, अगदी समजुतीनं म्हणाल्या. उरलेला तुकडा त्यांनी पुन्हा पुडीत बांधला.

अर्ध्या गोळीनं काही म्हणता काही झालं नाही. दार लावून घेऊन मी ज्वारीच्या पोत्याला कपाळ दाबून पडले. तो अडकित्ता आठवला की आजही माझं डोकं फिरतं. त्या दुपारी मात्र रागवायलाही अंगात जीव नव्हता. मी देवाला हात जोडले, पण बरं कर म्हणून नाही.

उजवी बाजूही दुखू दे, एवढंच मागितलं.