पपनसावरची जवळची वाट

पपनसाच्या सालीचा वास आला की साठ सालच्या सुमाराची आमची तारकर्लीची पडवी आठवते.

बाबा बोटीवर खलाशी होते. जपानहून त्यांचं पत्र आलं, की आता बर्फाळ उत्तरेकडून अमेरिकेला जाणार. आईने माझ्या शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली; सरळ वाट उत्तरेला जातच नव्हती. तिने जेवणच सोडलं. “बर्फातसून वळसो कित्याक? कप्तानाक वाट तरी म्हायत आसा मा?”

शेजारच्या म्हाताऱ्या पेद्रू तांडेलांनी, जन्मभर गलबत चालवलेल्या माणसाने, पपनसाच्या देठाकडच्या अर्ध्या भागावर शाईने दोन ठिपके काढले, जपान आणि अमेरिका. “वयनी, पृथ्वी अशीच वाटोळी, देठ म्हंजे उत्तर. आता दोरो ताणून धर.” ताणताच दोरा आपोआप उत्तरेकडे सरकला. “बघ, हीच जवळची वाट.”

मला ती जादू वाटली. आज आठवतं ते, आईने उठून पेज वाढून घेतली ते.

ठिपक्यांची साल तिने फडताळात जपली. बाबा परतले तेव्हा तीच पुढे केली. “तुमी खंय होतात, ता माका ठावक होता.”