मेडशीला नेलेला दुसरा भाग

शनिवार, २ नोव्हेंबर १९७४. सकाळी सात वाजता अकोल्याच्या एसटी स्थानकावर आम्ही दोघे हजर होतो, मी आणि सौ. मालती. प्रवासखर्चाव्यतिरिक्त पंचवीस रुपये वेगळ्या पाकिटात होते आणि पिशवीत एका इंग्रजी आत्मचरित्राचा जाडजूड दुसरा भाग. पंचवीस रुपये देऊन पहिला भाग विकत आणायचा, एवढ्यासाठी नागपूर सोडले होते.

ज्याचे हे आत्मचरित्र, तो परदेशातला एक सेनापती. लढाई जिंकली म्हणून लोकांनी त्याला पुढे राष्ट्राध्यक्ष केले. म्हातारपणी व्यापारात बुडाला, घशाचा दुर्धर आजार जडला, तेव्हा आपल्या मागे बायकोचे हाल होऊ नयेत म्हणून तो लिहायला बसला. सीताबर्डीच्या फुटपाथवर मला दुसरा भाग मिळाला त्याला आठ वर्षे झाली. पहिला भाग मेडशीच्या एका निवृत्त लष्करी हवालदाराने नेल्याचे दुकानदाराने यंदा उन्हाळ्यात सांगितले आणि पत्ताही दिला. मी हवालदारांना कार्ड टाकले, ‘दोन्ही भाग एके ठिकाणी यावेत अशी इच्छा आहे.’ उत्तर आले, ‘माझीही तीच इच्छा. दुसरा भाग घेऊन शनिवारी, २ नोव्हेंबरला समाप्तीला सहकुटुंब यावे.’ समाप्ती कसली, हे मी विचारले नाही.

गाडीत गर्दी फार. पातूरला एक बाई वांग्यांची टोपली घेऊन चढल्या आणि ती त्यांनी सरळ माझ्या पिशवीवर ठेवली.

“बाई, खाली पुस्तक आहे,” मी म्हणालो.

“मंग काय झालं जी? वांगे काई वाचत नाईत.”

सगळी गाडी हसली. मालतीने त्यांच्याकडून तिथेच दीड किलो वांगी घेतली, ती दोन दिवस आमच्याबरोबर हिंडली.

पातूर सोडल्यावर घाट लागतो. सागाची पाने वाळायला लागली होती. घाट संपल्यावर एकदम उघडा मुलूख. तूर पिवळ्या फुलांवर आलेली, कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या. एवढे मोकळे आभाळ पाहून मालती म्हणाली, “आपण उगाच नागपुरात राहतो.” वर्षातून एकदा ती हे म्हणतेच.

मेडशीच्या फाट्यावर हवालदार स्वतः आले होते. साठीचे, काटक, इस्त्रीचा खाकी सदरा घातलेले. “जयभीम सायेब, जयभीम वैनी,” म्हणून त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, आत डोकावले आणि लहान मुलासारखे खुलले. “आणला! आता काई फिकर नाई.”

वाटेत सगळा उलगडा झाला. वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. नेमाचा ग्रंथ यंदा लवकर संपला, तेव्हा हवालदारांनी सेनापतीचा पहिला भाग काढला. ते इंग्रजीतून मनात वाचायचे आणि वऱ्हाडीत सांगायचे. लोकांना गोडी लागली. पण वस्तीची रीत अशी की एकदा मांडलेला ग्रंथ अर्धा ठेवायचा नाही. पहिला भाग तर वेढा पडलेल्या गावापाशी येऊन थांबलेला! माझे कार्ड आले तसे हवालदारांनी विहारात उभे राहून शब्द दिला होता, शनिवारी नागपूरचे सायेब दुसरा भाग आणतात, त्याच सांजेला समाप्ती करू.

मी पाकीट पुढे केले. “हवालदारसाहेब, मी तर तुमचा भाग विकत घ्यायला आलो.”

ते थबकले. “विकत? ग्रंथ मांडला हाय जी. मांडलेला ग्रंथ कसा विकू?”

पाकीट मी परत खिशात ठेवले.

घरी पोचलो तर अंगणात मोठ्या गंजात गव्हाची खीर शिजत होती. हवालदारांच्या पत्नी कौसाबाई पुऱ्या लाटणाऱ्या बायांवर लक्ष ठेवून होत्या. साऱ्या वस्तीला आवतन (आमंत्रण) गेले होते. भाकरी, ठेचा आणि वांग्याच्या भाजीचे जेवण झाल्यावर हवालदारांनी हात धुऊन माझे पुस्तक उघडले, शेवटचे पान पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. सहाशेच्या वर पाने.

“म्या समजलो, पाच-पन्नास पानं उरली असतीन,” ते हळूच म्हणाले.

“कायले समजले?” कौसाबाई म्हणाल्या. “चाळीस घरं जेवाले येऊन राह्यले. आता काय सांगसान?”

दिवस मावळताना विहार भरला. वंदना झाली. हवालदार उभे राहिले आणि किती पाने उरली ते त्यांनी सांगून टाकले. अख्खे आयुष्य दिलेला शब्द पाळण्यात गेलेला माणूस तो. मी सुचवले, मी शेवटची चार पाने वाचतो, म्हणजे समाप्ती झाली.

“नाई सायेब,” ते ताडकन म्हणाले. “पान सोडलं तं समाप्ती कायची?”

पुढच्या रांगेत बसलेल्या गयाबाई, वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या, त्या म्हणाल्या, “काहून तोंड पाडून बसले रे? खीर नासते, पुस्तक नासत नाई. आज खीर खा. पुस्तक सरलं का मंग पुन्हा खीर करा.”

“म्हणजे दोनदा खीर?” मागून कोणीतरी विचारले.

“मोठा जनरल हाय. दोनदा पायजेच.”

विहार हास्याने भरून गेला. हवालदारही हसले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुस्तक संपायला संक्रांत उजाडणार होती आणि आमची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी मालतीकडे पाहिले. ती म्हणाली, “अहो, आठ वर्षांत तुम्ही ते दोनदा वाचलंत. मला एकदा तरी वाचून दाखवलंत का?”

दुसरा भाग मी हवालदारांच्या हातात दिला. त्यांनी तो पहिल्या भागाशेजारी पाटावर मांडला.

पंगतीत प्रश्न सुरू झाले. “राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यानं काय केलं?”

“त्याबद्दल तो लिहीतच नाही. लढाई संपते तिथे पुस्तक संपते.”

“शहाणा होता!”

गयाबाईंना दुसरीच काळजी होती. “बायकोले पैसे भेटले का?”

मी सांगितले, तो लिहून संपवून थोड्याच दिवसांत गेला, पण पुस्तक घरोघर खपले आणि तिला भरपूर मिळाले. बायांना फार बरे वाटले. पण अडचण अशी झाली की वाचनाची वर्गणी रीतीप्रमाणे लिहिणाऱ्याच्या घरी जायला हवी. ती गोळा झालेली होती. द्यायची कोणाला?

“तिचं तं भागलं,” गयाबाई म्हणाल्या. “आता आपल्यातला लिहिणारा पाहा.” आणि हवालदारांकडे बोट केले.

“मी काय लिहू? मी लढलो थोडाच, मी रेशनच्या ट्रकवर होतो.”

“तो बी पहिल्यानं खेचरावर दाणापाणी वाहे, तुमीच तं वाचलं,” कौसाबाईंनी पुऱ्या वाढता वाढता सुनावले. “त्यानं खेचरं लिहिले, तुमी ट्रक लिहा. मले बी समजन, तुमी चवदा वर्सं कुठी होते.”

हवालदारांनी खिरीची वाटी खाली ठेवली. म्हणाले, “सुरुवात कुठून करू?”

“मले सोडून गेले तठून.”

परतीच्या गाडीत पिशवी हलकी होती, पण वाईट वाटत नव्हते. हा सेनापती साधे लिहितो, एवढेच आठ वर्षे मला ठाऊक होते. साध्या लिहिण्याने ऐकणाऱ्यालाही लिहावेसे वाटते, हे मेडशीला गेल्यावर कळले. त्या पुस्तकाचे दोन भाग कुठे शोभावेत, याबद्दल आता माझ्या मनात वाद नाही.

हिशेब असा. वस्तीची वर्गणी एकतीस रुपये, ऐकणारे एक घर म्हणून आमचे दोन, एकूण तेहेतीस. रविवारी सकाळी विहारात, सगळ्यांसमोर, लेखकाच्या घरी म्हणून कौसाबाईंना रोख दिले.