घरोघरी नळाचं पाणी
ताज्या पेपरच्या शाईचा वास आला की आजही माझं डोकं सणकतं. चिखलीजवळच्या आमच्या शाळेत परिपाठाला बातम्या वाचायची त्या दिवशी माझी पाळी होती. आमच्याच गावाची बातमी होती : घरोघरी नळाचं पाणी पोचलं. सकाळी हापशीवर पाणी भरताना भिजलेला फ्रॉक अजून पायांना चिकटत होता. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "पण सर, आमच्या नळाले तं पाणीच नाही." मुख्याध्यापक खेकसले, "पेपर खोटा अन् तू खरी काय वं?" परिपाठ संपल्यावर मला वर्गाबाहेर उभं केलं. आत नागरिकशास्त्राचा तास सुरू झाला आणि सगळा वर्ग एका सुरात घोकू लागला, "जागरूक नागरिक प्रश्न विचारतो." तीच बातमी आजही छापून येते, आणि तोटी सोडली की नुसती हवा फुसफुसते.